टाचणीचं नाव कमी करण्याबाबत

माननीय मुख्याध्यापिकाबाई, आणि त्याच खुर्चीत बसणारी माझी ताई, दोघींना धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझी प्रकृती उत्तम असेल असं धरून चालतो. (धरून चालायचं ते रीत म्हणून, आज सकाळी तू गॅलरीत लागोपाठ चार वेळा शिंकलीस आणि पाचवी येते की काय म्हणून तोंड वर करून बराच वेळ थांबलीस, ते मी इथून पाहिलं. पाचवी आली नाही. गरम पाण्याची वाफ घे, आणि गॅलरीत येताना अंगावर काहीतरी घेत जा.) आमच्याकडे सगळं क्षेम आहे, आणि ते तुलाही तिथून दिसतच असणार, कारण आपल्या दोन घरांच्या मधे एक रस्ता, एक विजेचा खांब आणि चष्मेवाल्याची पाटी यांपलीकडे काही नाही. एवढ्याशा अंतरासाठी पत्र लिहिणारा माणूस जगात मी एकटाच असेन. पण गेले आठ महिने आपण एकमेकांना नुसते दिसतो. तू खाली उतरलीस की मी मशीनवर वाकतो, मी दुकान उघडलं की तू पाठ फिरवून कुंड्यांना पाणी घालतेस (एव्हाना ती झाडं कुजली असतील), आणि बोलायचं राहतं ते राहतंच. या पत्रात कुठे 'आपण' आलं तर ते त्या खुर्चीला आहे असं समज, आणि 'तू' आलं तर तुला. मधेच सरमिसळ झाली तर माझं नेहमीचं म्हणून सोडून दे.

आपली चिठ्ठी सोमवारी दाराखालून आत आली. वर शाळेचा शिक्का, खाली तीन ओळी. कुमारी अमुक अमुक (इथे टाचणीचं पूर्ण नाव होतं; ते इतक्या दिवसांनी वाचलं की क्षणभर ही कोण मुलगी, असं मला झालं) हिला शुक्रवारपर्यंत शाळेत हजर करावे, अन्यथा तिचे नाव पटावरून कायमचे कमी करण्यात येईल. तसेच यंदाच्या गणवेशाच्या स्कर्टांना आढळलेल्या अनधिकृत खिशांबाबत लेखी खुलासा द्यावा. सोबत जप्त वस्तूंची यादी. आज बुधवार आहे. खुलासा दोन्ही गोष्टींचा एकाच पत्रात देतो, कारण माझी मुलगी आणि ते खिसे ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत.

हे मी कापायच्या टेबलावर बसून लिहितो आहे. दोन वाजता ऊन टेबलाच्या पायाशी येतं, तीनपर्यंत कापडाच्या गठ्ठ्यावर चढतं, आणि चारच्या सुमाराला कात्रीवर पडून छतावर एक लहानसा डाग नाचवतं. या वेळात माझे हात काम करतात आणि मी तिथे नसतो. तुला हे नव्याने सांगायला नको. मी सात वर्षांचा असताना तूच मला पाढे शिकायला बसवायचीस, आणि तूच एक दिवस पाठीत धपाटा घालून आईला सांगितलं होतंस की हा बसतो इथे आणि राहतो दुसरीकडे. आठवीनंतर मी शाळा सोडली तेव्हा घरात कोणी फार रडलं नाही, पण तू दोन दिवस जेवली नव्हतीस. पुढे मी कापडाचा मास्तर झालो, तू शाळेची बाई झालीस, आणि तुझ्या शाळेतल्या एकूण एक पोराच्या अंगावर माझी शिलाई चढली. सबंध शाळेला गणवेश शिवणाऱ्याची मुलगीच घरी बसलेली. दिव्याखाली अंधार, असं चष्मेवाला म्हणतो. तो समोरच्या खांबावरच्या दिव्याबद्दल बोलत नसतो हे मला कळतं.

टाचणीला घरी का बसवलं, यावर आपलं भांडण झालं, पण तेव्हा आपण दोघंही ओरडत होतो, म्हणून तू ते नीट ऐकलेलं नाहीस. आता शांतपणे सांगतो. तिच्या पहिल्या प्रगतिपुस्तकात शेरा होता, प्रश्न फार विचारते. मी ते उघडून गिऱ्हाइकांना दाखवायचो. पुढच्या वर्षी, प्रश्न अजूनही विचारते. तेही दाखवलं. तिसऱ्या वर्षी शेरा आला, समाधानकारक सुधारणा, आता गप्प बसते. त्याखाली तुझी सही होती, ती वळणदार, जिच्यासाठी लहानपणी मी तुला शाई भरून द्यायचो. त्या आठवड्यात टाचणी घरीही गप्प होती. रोज सकाळी तिचं पोट दुखायचं, रविवारी दुखायचं नाही. दुपारी ती इथे कातरणांच्या ढिगात बसायची आणि काही म्हणजे काही विचारायची नाही. माझ्या मशीनला एवढा आवाज आहे हे मला त्या आठवड्यात समजलं. मग मी तुझ्याकडे आलो आणि म्हणालो की तुझी शाळा पोरांना इस्त्री करते. तू म्हणालीस, आणि तू त्यांना उसवतोस. दोन्ही वाक्यं चांगली होती, पण तेवढ्यावर आठ महिने न बोलण्याइतकी नव्हती.

हिचं, तुझ्या भावजयीचं, तुला ठाऊक आहे. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत दिवसभर बाटल्यांकडे बघत बसायचं हिचं काम, त्यामुळे घरातही कशाची घाई नाही. कुठल्याशा जाड पुस्तकात हिने वाचलं होतं की काय शिकायचं, कधी आणि कोणाकडून शिकायचं, हे मूल आपलं आपण ठरवू शकतं. मोठ्यांनी फक्त आडवं यायचं नाही. मी विचारलं, आणि काहीच ठरवलं नाही तर? ही म्हणाली, गाळ बसू दे, मग बघू. (हिचं सगळ्यावर हेच उत्तर असतं. माझा खांदा दुखत होता तेव्हाही हेच होतं.) मग स्वयंपाकघरात आम्ही तिघांनी एक नियम लिहिला, विचारल्याशिवाय शिकवायचं नाही, आणि तिघांनी सह्या केल्या. टाचणीने सहीच्या जागी एक टाचणी काढली.

त्यानंतर टाचणी कापडाच्या गठ्ठ्यांवर उताणी पडली आणि एकोणीस दिवस छताकडे बघत राहिली. मी स्वतः खिडकीबाहेर बघत जन्म काढला, त्याचं मला काही वाटत नाही. पण आपल्या पोटचं पोर तसं बघायला लागलं की ते सोसत नाही. तिच्याकडे बघता बघता मी तिच्या पुढच्या आयुष्यात जाऊन यायचो. एका लांबलचक रांगेत टाचणी उभी आहे, तीस वर्षांची, पुढे एक छोटी खिडकी, खिडकीत एक माणूस, त्याच्यापुढे फॉर्म. शिक्षण? असं तो विचारतो, आणि ती त्याला आमच्या छताबद्दल सांगायला लागते. कुठे चुना सुटलाय, चारला उन्हाचा डाग कुठून निघून कुठे जातो. तो माणूस हळूहळू पेन खाली ठेवतो, रांगेतली माणसं पुढे सरकून ऐकतात, आणि सगळ्यांत मागे मी उभा असतो, गळ्यात टेप, हातात तिचं प्रगतिपुस्तक. एवढ्यात गिऱ्हाईक यायचं आणि मी पँटला शर्टाचं माप लिहून ठेवायचो. विसाव्या दिवशी टाचणीने पहिला प्रश्न विचारला, दोऱ्याला पीळ का असतो. मला इतका आनंद झाला की मी दोन तास उत्तर दिलं. ती झोपली. तेव्हापासून ती मला फार जपून विचारते.

लोकांचं म्हणशील तर लोक आहेतच. चष्मेवाला तिला बघितलं की हटकून विचारायचा, सतरा नव्वे किती? एकदा तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, काका, तुम्ही रोज विचारता, तुम्हाला सापडत नाही का? मी शोधून देते. दुसऱ्या दिवशी तिने चिठ्ठीवर एकशे त्रेपन्न लिहून त्याच्या काउंटरवर ठेवलं, आणि खाली, आता विसरू नका. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मला मात्र त्या एकशे त्रेपन्नावर चार दिवस झोप चांगली लागली. मग वाटलं, एक उत्तर आलं म्हणजे गणित आलं असं थोडंच आहे, आणि पुन्हा झोप उडाली.

आता कबुली. नियमावर सही करून आठ तास व्हायच्या आत मी नियम मोडला. उघड नाही, आपलं शिकवणं तिला दिसू नये अशा बेताने. कोटाच्या कागदी नमुन्याच्या मागच्या बाजूला मी तिचं वेळापत्रक आखून ठेवलं होतं (सोमवारी भागाकार, मंगळवारी नद्या), आणि त्या त्या दिवशी त्या त्या विषयावर मी जणू स्वतःशीच मोठ्याने बोलायचो. नद्यांबद्दल मला दोनच गोष्टी माहीत आहेत, त्यामुळे मंगळवार लवकर संपायचा. एक दिवस पिठाच्या डब्यात हात घातला तर आत हिची वही निघाली. आज टाचणीने किती शब्द वाचले, किती वेळा बेरीज केली, किती वेळ छत पाहिलं, सगळं तारीखवार, बाटल्यांच्या नोंदी कराव्यात तसं. मी काही बोललो नाही, कारण हिनेही कोटाचा नमुना उलटून पाहिलेला होता. चोराच्या मनात चांदणं. आम्ही दोघंही त्या पोरीवर मोठ्या तोंडाने विश्वास ठेवत होतो आणि मागल्या दाराने तिची तपासणी करत होतो.

तर खिसे. यंदा शाळेचे चाळीस स्कर्ट शिवायचे होते. मला वाटलं, टाचणीला बेरीज येते की नाही हे बघायला यापेक्षा चांगली संधी नाही. भिंतीवरच्या फळ्यावर मी खडूने लिहिलं, लांबी पंचावन्न, खालची दुमड सात, एकूण बावन्न. दहाचा फरक. आंधळ्यालाही दिसावा असा. ती येईल, बघेल, बाबा हे चुकलं म्हणेल, आणि मी कपाळावर हात मारून म्हणेन, अरेच्चा. (अरेच्चाची मी आरशासमोर तयारीही केली होती.) ती आली, मान तिरकी करून फळ्याकडे बघितलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. माझा धीर सुटत चालला. मी टेबल त्या फळ्याखाली सरकवलं, तरी काही नाही. चौथ्या दिवशी निळ्या कापडाचा तागा आला. दुपारची वेळ होती, ऊन गठ्ठ्यावर चढलेलं. मी दहा-दहा थर एकावर एक अंथरले, मोठी कात्री घेतली, फळ्याकडे बघितलं, आणि निघालो. निळं कापड कात्रीपुढे दोन्हीकडे होत गेलं आणि मी कुठल्याशा पाण्यात होडीत होतो, किनारा नव्हता, कोणी हाका मारत नव्हतं. किनाऱ्याला लागलो तेव्हा चाळीसच्या चाळीस स्कर्ट बावन्नावर कापून झाले होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ते स्कर्ट तसेच शिवले असते तर गुडघ्यापासून चार बोटं वर गेले असते आणि आपण त्या खुर्चीतच मूर्च्छा येऊन पडला असता. मी डोक्याला हात लावून बसलो. टाचणी येऊन शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मला वाटलं तुम्ही मुद्दाम लिहिलंय." लिहिलं मुद्दामच होतं. मग तिने विचारलं की आधीच्या चुका पण मुद्दामच होत्या ना, ती बटणांची बेरीज, आणि तो चुकलेला नकाशा? (नकाशा खरोखर चुकला होता. मी मान डोलावली.) मला वाईट वाटू नये म्हणून ती इतके दिवस काही बोलली नव्हती. ताई, मी तिला पकडायला सापळे लावत होतो आणि ती माझ्या सापळ्यांना अडखळू नये म्हणून पाय उचलून चालत होती. मला फार लाज वाटली.

त्यातून वाट काढली ती दोघांनी मिळून. जे कापड चुकून वाचलं होतं तेच, आणि थोडी कातरणं, असं घेऊन कमरेखाली एक रुंद पट्टी जोडायची आणि तिच्यापासून चुण्या सोडायच्या. लांबी पुरी झाली, दिसायलाही वाईट नाही. आता असं बघ, जिथे जोड आहे तिथे शिवण आहे, आणि शिवण आहे तिथे ती मधेच सोडूनही देता येते. टाचणी त्या जोडात बोट घालून बघत होती. तिने मला विचारलं की इथे हात जाईल एवढी शिवण राहिली आणि आतून पिशवी लावली तर चालेल का. माझे हात चुण्या घालत होते, मी परत त्या होडीत होतो, आणि मी म्हणालो, हं. माझं हे 'हं' तू ओळखतेस. त्याच्या आधाराने तू माझी सायकल नेली होतीस. टाचणीने त्याच्या आधाराने चाळीस खिसे शिवले.

आणि कसे शिवले ते ऐक. माप द्यायला येणाऱ्या मुलींचे पंजे ती खाकी कागदावर खडूने काढून घ्यायची. सतरा पंजे जमले. मग त्या सतरा हातांचा मिळून एक हात तिने काढला. सगळी मापं मिळवली, सतरा ठिकाणी वाटली, आणि आलेल्या हाताला सैल बसेल असा खिसा कापला. ही सरासरी झाली हे मला तिसऱ्या दिवशी उमगलं, तेही अंगाला साबण लावताना. मी महिनोन् महिने फळ्यापुढे गणिताची वाट बघत होतो आणि ते माझ्या पाठीमागे खाकी कागदावर चाललं होतं. कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाली, विचारलं एकीला. मी समजलो, मापाला येणारी कोणी वरच्या वर्गातली मुलगी असेल.

स्कर्टांच्या घड्या घालताना टाचण्या राहिल्यात का हे बघायला मी एकात हात घातला आणि तो मनगटापर्यंत आत गेला. पहिल्यांदा वाटलं चूक आहे. पाचव्याला कळलं की बेत आहे. तेव्हा दोन दिवस हातात होते; सगळे खिसे उसवून बंद करता आले असते. मी केले नाहीत, ही माझी लेखी कबुली समजावी. त्या टिपा माझ्यापेक्षा सरळ होत्या, ताई. मी त्या एकेक उजेडात धरून पाहिल्या, आणि माझ्याने कात्री उचलवली नाही.

आपल्या यादीबद्दल. जप्त वस्तू: गोगलगाय एक (जिवंत), अर्धं खोडरबर, मैत्रिणीची पिन, गुळगुळीत दगड तीन, आणि चिठ्ठ्या पाच, 'त्यांवर प्रश्न लिहिलेले आढळले'. या शेवटच्या ओळीवर मी अडलो. टाचणीला विचारलं. ती म्हणाली की वर्गात ज्यांना विचारता येत नाही त्यांना तिने सांगितलंय, लिहून खिशात ठेवा, म्हणजे विसरणार नाही, मग कोणाला तरी विचारू. त्या पाच चिठ्ठ्या आपण फेकल्या नसाव्यात, अशी माझी अर्जवजा विनंती आहे. गोगलगायही.

आता मूळ मुद्दा, टाचणीचं नाव. तुला वाटत असेल की मला भीती वाटत नाही, मी आपला स्वप्नात. ताई, स्वप्नात कोणी सुखाने राहत नाही. मला रोज वाटतं की आम्ही या पोरीचं वाटोळं करतो आहोत. मला वाटतं की मला शाळा जमली नाही म्हणून मी तिलाही माझ्यासारखं करतो आहे, आणि वरून त्याला मोठं नाव देतो आहे. बरोबरीच्या मुली पुढे जातील आणि ही एकटी मागे उभी राहील, असं वाटतं. मोठी झाल्यावर ती मला विचारेल की तुम्ही मला का नाही पाठवलं, आणि तेव्हा माझ्याकडे कुठलाच शेरा, कुठलीच सही दाखवायला नसेल. हे सगळं वाटूनही, ती पुन्हा प्रश्न विचारायला लागली आहे. दिवसातून चाळीस विचारते. सकाळी पोट दुखत नाही. म्हणून आम्ही दोघांनी पुष्कळ विचार करून ठरवलं आहे की तिला शुक्रवारी हजर करायचं नाही. आपण तिचं नाव खुशाल कमी करावं. आमचा निर्णय पक्का आहे, त्यात आता बदल होणे नाही.

कळावे, लोभ आहे तसा असावा; आठ महिन्यांत थोडा आटला असेल तर गेल्या वर्षीइतका करावा.

तुझा,
धाकटा

ता. क. खिसे उसवून बंद करायचा हुकूम असेल तर तसं लिहून कळवावं. पण त्या जागी शिवण घातली तर जुन्या टाक्यांची भोकं राहतील आणि स्कर्ट नवे दिसणार नाहीत. हे मी शिंपी म्हणून सांगतो आहे, बाप म्हणून नाही.

ता. क. दुसरं. नाव कमी करशील ते पेन्सिलीने कर. फार दाबून नको. पुढेमागे वेळ आलीच तर खोडरबराने निघेल असं. हे हिला कळू देऊ नकोस. आणि हिनेही प्रयोगशाळेतून असंच काही लिहून पाठवलं असेल तर ते मला कळू देऊ नकोस.

ता. क. तिसरं. पाकीट उघडून परत लिहितो आहे, घाईघाईत, अक्षराला हसू नकोस. पत्र नेऊन दे म्हणून टाचणीला हाक मारली, तर म्हणाली, द्या, मी चारला जाणारच आहे. कुठे? आत्याकडे. रोज जाते, मागच्या जिन्याने, त्या एकोणीस दिवसांतल्या पहिल्या आठवड्यापासून. का म्हणून विचारलं, तर आत्या चहा एकटीच पिते म्हणून. सतरा हातांचा एक हात तुझ्याच टेबलावर झाला. त्या पाच चिठ्ठ्या तू जपून ठेवल्या आहेस आणि रोज एक तुम्ही दोघी उघडता. सोमवारची चिठ्ठीसुद्धा टाचणीनेच आत सरकवली, कारण आत्या म्हणाली, कागद आल्याशिवाय तुझा बाप तोंड उघडायचा नाही. म्हणजे वरच्या सगळ्या पानांतलं तुला सगळं आधीच माहीत होतं, आणि मी इतकी शाई घालवली. आधी मला राग आला. मग हेवा वाटला. मग मी गठ्ठ्यावर बसलो आणि थोडा रडलो, ते टाचणीने पाहिलं आणि काही विचारलं नाही. मी तिला विचारलं, आत्या तुला काय काय शिकवते? ती म्हणाली, काहीच नाही, मी विचारल्याशिवाय आत्या काही शिकवत नाही. आठ महिने, ताई! तू! मला एक दिवस जमलेलं नाही. नावाचं काय करायचं ते तुम्ही दोघीच ठरवा, मी त्यात पडत नाही. पण पोर समोर बसलेलं असताना, पुढचं सगळं आपल्याला येत असताना, पोटात एवढी भीती असताना, गप्प कसं बसायचं असतं? हे मला कोणी शिकवलेलं नाही. उद्या चारला तिच्याबरोबर मीही येतो, तिसरा कप काढून ठेव. मी विचारतो आहे.